पणजोबांची बंदूक आणि शंभर वर्षांचा गैरसमज

फोंड्याकडच्या जुन्या घरांत वसरीवर गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "शंभर वर्षं झाली, आता तिला परवाना कशाला?" खुद्द माझाही तोच समज होता.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात वयाची अशी सूट नाही. कलम ४५ म्हणतं, शस्त्र कालबाह्य, पुराणमूल्याचं किंवा मोडकं असेल आणि दुरुस्तीनंतरही त्यातून गोळी सुटू शकत नसेल, तरच त्याला हा कायदा लागू नाही. ठासणीची बंदूक गंजलेली असली तरी साफसफाईनंतर बार काढणार असेल, तर ती बंदूकच. नुसता घोडा अडकलाय, हे पुरत नाही.

शंभराचा आकडा येतो तो १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातून. शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. लिस्बनच्या मुलाकडे पणजोबांची बंदूक पाठवू पाहणाऱ्यांनी हे ऐकावं!

प्रतिकृतीचंही बार निघतो की नाही, यावरच ठरतं. भरीव नळीची, भिंतीवर टांगायची ती शोभेची वस्तू. पण बार काढणारी नवी प्रतिकृती म्हणजे सरळ बंदूक, परवान्यासकट.

आणि "प्रतिकृतीत काय मजा?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, अस्सल मार्टिनी-हेन्री, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश रायफल, जवळपास चार किलोंची. सत्तर वर्षांचे खांदे ती पेलतीलही, पण तिच्या लाकडाला तेल चोळतानाही जीव धास्तावतो. प्रतिकृती मात्र नातवासमोर खुशाल खोलावी, आतली यंत्रणा कशी चालते ते दाखवावं.