मोनॉपॉली डॅरोनं शोधला नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणी-लातूरकडं घरोघरी ‘व्यापार’चा डाव रंगतो. त्याचं मूळ मोनॉपॉली. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार झालेल्या अमेरिकेतल्या चार्ल्स डॅरोनं तो शोधला, असं अजूनही सांगतात. हे साफ चूक आहे. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंना १९०४ मध्येच ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळालं होतं. त्यातल्या पटावर कोपऱ्यात तुरुंग आहे, चार बाजूंना रेल्वे आहेत आणि फेरी पुरी केली की १०० डॉलर मजुरी! जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात, हेच त्यांना दाखवायचं होतं. पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या, १८८३ पासूनच्या कौटुंबिक कंपनीनं १९३५ मध्ये डॅरोकडून खेळ घेतला, मॅगींचं १९२४ चं नवं पेटंटही ५०० डॉलरला घेतलं. कौतुक मात्र डॅरोचंच केलं. हा सरळ अन्याय होता. १९७० च्या दशकात ‘अँटी-मोनॉपॉली’ हा खेळ काढणारे प्राध्यापक राल्फ अॅन्सपाक यांच्या कोर्टकज्जात खरं बाहेर आलं.