दंतमज्जेची जखम आणि रोगप्रतिकारक पेशी

दाताच्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेली जी मऊ ऊती असते ती दंतमज्जा. कीड किंवा मार तिच्यापर्यंत पोचला की तिथे दाह सुरू होतो. चहूबाजूंनी डेंटिन, म्हणजे दाताचा कठीण भाग, सुजेला जागा नाही, म्हणजे मुळाशी रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन सगळी मज्जा मरणारच, असे पूर्वी मानत. प्रत्यक्षात दाब जखमेच्या आसपासच वाढतो. थोडी खालची मज्जा निरोगी राहू शकते.

जिवाणूंची चाहूल आधी लागते ती डेंटिन घडवणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशींना. त्यांच्या रासायनिक हाकेला न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. त्या जिवाणू मारतात, पण त्यांच्या स्रावांनी आपलीच ऊतीही झिजते. सगळ्यात महत्त्वाची पेशी मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी. आधी ती दाह भडकवते. जिवाणू हटले की मेलेले न्यूट्रोफिल गिळून टाकते आणि तिचे वागणेच पालटते. मग ती दाह शमवणारे आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे घटक सोडते. मज्जेतल्या मूलपेशी जखमेकडे सरकतात आणि उघड्या भागावर डेंटिनसारखा कठीण थर, म्हणजे ‘डेंटिन पूल’, बांधतात. थोडक्यात, दाह नसेल तर दुरुस्तीही नाही. घात होतो तो दाह लांबल्याने.

काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांचा १९६५ चा प्रयोग आजही या साऱ्या विचाराच्या मुळाशी आहे. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून मज्जा उघडी ठेवली. साध्या उंदरांत ती सडली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्यांत मात्र, भोकात अन्न अडकूनही, पूल बांधला गेला.

इंदूरच्या मराठी घरांत दाढ ठणकली की ‘नस काढावी लागेल का?’ हाच पहिला प्रश्न असतो. तिथल्या सराफा खाऊबाजारात गार शिकंजीच्या घोटाने कळ येऊन लगेच थांबत असेल, तर मज्जा बहुधा सावरू शकते. कळ रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर दाह खोल गेलेला असतो. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही, हे आवर्जून सांगायला हवे.

तरीही काही दाढांत मज्जेचा फक्त वरचा भाग काढून भागते. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा काही मिनिटे दाबून धरतात. रक्त थांबले तर उरलेली मज्जा वाचवण्याजोगी आहे असे धरतात. वाहतच राहिले तर दाह आणखी खाली आहे. रक्त थांबलेल्या मज्जेवर मग एमटीए हे मज्जा झाकायचे खास सिमेंट आणि घट्ट फिलिंग. फिलिंग गळके निघाले, तर जिवाणू पुन्हा आत शिरतात आणि मॅक्रोफेज दाह भडकवण्याच्या कामालाच जुंपलेले राहतात.

लहान मुलांत हा उपचार विशेष मोलाचा. सहाव्या-सातव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायम दाढेचे मूळ पूर्ण व्हायला पुढे सुमारे तीन वर्षे लागतात. त्याआधी मज्जा गेली, तर मुळाची वाढ खुंटते आणि भिंती पातळ राहतात.