चष्म्याचा नंबर आणि अंगणातला उजेड

‘मोबाइल बघून बघून चष्मा लागला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचे डोळे तपासले होते. लांबचं अंधुक दिसणारी मुलं सिंगापुरात 29 टक्के, सिडनीत जेमतेम 3. आईवडिलांच्या चष्म्यांत म्हणावा असा फरक नव्हता. गंमत म्हणजे पुस्तकं जास्त वाचत होती ती सिडनीचीच मुलं! पण ती आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असायची. सिंगापूरची तीन तास.

बाहेर असं काय असतं? उजेड. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो. वाढत वाढत तो 24च्या आसपास थांबायला हवा. एखादा मिलिमीटर जास्त लांबला, की अडीच-तीन नंबर लागलाच. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातून, डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते या वाढीला लगाम घालतं, असं मानतात. कोंबडीच्या पिल्लांमध्ये डोपामिनचं काम औषधाने रोखलं, तर प्रखर उजेडाचा फायदाही गेला.

आमच्या हॉलमध्ये ट्यूब लावली की लख्ख वाटतं, पण तो उजेड दोन-तीनशे लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक). खाली आंब्याच्या सावलीत मुली विटेच्या तुकड्याने चौकोन आखून ठिकऱ्या खेळतात, तिथे दिवसा काही हजार लक्स सहज असतात. भर उन्हात तर लाखाच्या घरात. बाहुली आकसते, दृष्टिपटल जुळवून घेतं, म्हणून एवढी तफावत आपल्याला जाणवत नाही.

चीनमधल्या ग्वांगझूत काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत तिथे 30 टक्के मुलांना नंबर लागला, बाकीच्या शाळांत जवळपास 40 टक्के. आपल्याकडे पीटीचा तास गणिताला देऊन टाकतात, तेव्हा हा हिशेब कोणी मांडत नाही.

लागलेला नंबर मात्र खेळून उतरत नाही. फायदा मुख्यतः त्याआधीचा. आणि डोळ्यांपुरतं बोलायचं, तर धावायलाच हवं असंही नाही. आउट होऊन ओट्यावर रुसून बसलेल्याच्या डोळ्यांतही तोच उजेड जातो.