खुलासा: बीपी नॉर्मल म्हणजे पेशंट ठीक?

"बीपी नॉर्मल आहे ना, मग काळजी नाही." वॉर्डात नातेवाईकांच्या तोंडी हे वाक्य रोज असतं. पण ते खरं नाही आणि त्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

शरीर बीपी शेवटपर्यंत सांभाळून धरतं. रक्तस्राव सुरू झाला की हृदय वेगाने धडधडतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून मोठ्या माणसाचं 15 ते 30 टक्के रक्त गेलं तरी वरचा आकडा जागेवरच दिसू शकतो. तो कोसळतो तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो.

त्यामुळे आम्ही नर्स एका आकड्यावर थांबत नाही. समजा नाडी सकाळी 78, दुपारी 96, आता 114. बीपी तिन्ही वेळा 120/80च्या आसपास. तळहात गार आणि ओलसर, लघवी कमी, पेशंट सारखा कूस बदलतोय. इथे बीपीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्याची नाडी मात्र फारशी वाढत नाही, तेव्हा चालू गोळ्याही बघाव्या लागतात.

सगळ्यात दुर्लक्षित असतो तो श्वास. मोठ्या माणसात मिनिटाला साधारण 12 ते 20. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं. सांगून मोजलं की लय बदलते. 25च्या वर गेलेला श्वास "घाबरलाय बिचारा" म्हणून मी कधीच सोडत नाही.

आणि "आज हे नेहमीसारखे बोलत नाहीयेत" असं घरच्यांनी सांगितलं, तर तेही मी चार्टवर लिहिते.