जॅग्वार ई-टाईप की एफ-टाईप? टोकन देण्याआधी वाचा

गॅरेजमध्ये हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो : गाडी दर रविवारी पळवायची आहे, की जपून ठेवायची आहे? जॅग्वारच्या या दोन्ही स्पोर्ट्स कारचं लांबलचक बॉनेट अख्खं पुढच्या बाजूला उघडतं. पण त्याखाली जे दिसतं, त्यात पन्नास वर्षांचं अंतर आहे.

ई-टाईप मार्च 1961 मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली. विमानांच्या कामातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिचा आकार गणिताने बेतला. 3.8 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, हवा-पेट्रोल मिसळणारे तीन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, 265 अश्वशक्ती. त्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग जुळवून देणारी रचना, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकलात की दात करकरतात. 1964 मध्ये 4.2 लिटर इंजिनची ई-टाईप आली, ती नवा गिअरबॉक्स आणि बऱ्या सीट घेऊन. थोडीफार चालवणार असाल तर आमचं मत 4.2 ला.

रंगाच्या झळाळीला भुलू नका. या गाडीत मधला सांगाडा पत्र्याचा आणि पुढे नळ्यांची फ्रेम. सिल (दाराखालचा पत्र्याचा पट्टा), फ्लोअर आणि फ्रेमचे जोड आतून गंजतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. सिलवर लोहचुंबक फिरवा. चिकटलं नाही तर तिथे पुट्टी भरलेली आहे असं समजा. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला, लागून आहेत. त्यांच्या मोठ्या कामाला बहुतेक वेळा हे सगळं धरून ठेवणारा मागचा अख्खा पिंजरा उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त पडते. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आधी बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्यांना खातं आणि इंजिन गरम असताना गळती म्हणजे आगीला आमंत्रण.

एफ-टाईप 2013 ते 2024 या काळातली. तोवर जॅग्वार टाटांकडे आलेली होती. बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे पत्र्याच्या गंजाची ती चिंता नाही. आठ गिअरची ऑटोमॅटिक, आणि व्ही-8 आर कूपेला 550 अश्वशक्ती. सुपरचार्जरवाल्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या) व्ही-6, व्ही-8 इंजिनांमध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप उष्णतेने ठिसूळ होऊन तडकतात. ते कधी बदलले, त्याचं बिल मागा. सर्व्हिसची नोंदच नसेल, तर गाडी कितीही चकाचक असो, आम्ही नको म्हणू. उभ्या गाडीची बॅटरीही उतरते; चार्जर लावून ठेवा.

कागदपत्रांचं मात्र नीट ऐका. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नोंदणी शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. सांगाडा किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणून चॅसी आणि इंजिनवर कोरलेले नंबर गाडीवरच्या कंपनीच्या माहितीपट्टीशी व आरसीशी स्वतः ताडून पाहा. संग्राहकांच्या बाजारात किंमतही बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

व्यवहार ठरवण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून घ्या. आम्ही तपासत असताना तुम्हीही टॉर्च घेऊन खाली उभे राहा. काय सापडलं ते तिथल्या तिथे दाखवू.