मधल्या फळीचा खेळाडू आणि मराठवाड्याची मोडलेली वाट

वाऱ्यासारखा पळणारा, समोरच्या दोघांना चकवून गोल मारणारा पोरगा मराठवाड्यात कुठंही सापडतो. परभणी, जालना, नांदेड, लातूर, कुठल्याही शाळेच्या मैदानावर सकाळी जाऊन बघा. पण त्याच मुलानं मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचं ठरवलं, तर पुढची वाट त्याला घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. पोरांत काही कमी आहे म्हणून हे होत नाही. यामागं सत्तर वर्षांपूर्वी बदललेला नकाशा आहे आणि त्यानंतर न उभी राहिलेली व्यवस्था आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यानंतरही मराठवाडा आठ वर्षं हैदराबाद राज्यातच होता. कॉलेज, कोर्ट, पोलिसातली नोकरी, सगळ्यासाठी हैदराबाद गाठावं लागे. आणि नेमकं त्याच काळात हैदराबादचं फुटबॉल देशात अव्वल होतं. हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप ही देशातली नावाजलेली फुटबॉल स्पर्धा जिंकली. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. ते अशा स्पर्धा घेत की ज्यात ड्रिबलिंगला, म्हणजे बॉल पायाशी खेळवत पुढं नेण्याला, बंदी असे, काहींत तर फक्त कमजोर पायानंच खेळायचं. मला रहीम साहेबांचं हे काम त्यांच्या पदकांइतकंच मोठं वाटतं. ड्रिबल करायचंच नाही म्हटल्यावर बॉल पायाशी यायच्या आधीच मान वळवून बघावं लागतं, आपला माणूस कुठं मोकळा आहे ते हेरावं लागतं. मधल्या फळीचा सगळा खेळ इथूनच सुरू होतो.

त्या संघातला नूर मोहम्मद लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडं, खेळायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारत चौथा आला. नूर दोन्ही ऑलिंपिक खेळला. आजच्यासारखे करार तेव्हा नव्हते. पोलीस, रेल्वे, गिरणी, तेल कंपनी अशा ठिकाणची नोकरी हेच खेळाडूचं करिअर. पगार तिथला, संघही तिथला.

मधल्या फळीतल्या या जागेचं कामही त्याच काळात बदलत होतं. जुन्या मांडणीत मागं दोन बॅक, मधे तीन हाफ आणि पुढं पाच फॉरवर्ड असत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे आक्रमकानं किती पुढं उभं राहावं याचा, नियम बदलला आणि तिघांतला मधला सेंटर हाफ हळूहळू मागं ओढला गेला. पुढं ४-२-४ (चार बॅक, मधे दोन, चार फॉरवर्ड) आलं, तेव्हा मधला सगळा पट्टा दोघांवर पडला. ४ सप्टेंबर १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं. त्या चमूत मुंबईच्या टाटा संघाचा हाफ फ्रँको होता आणि हैदराबादचा युसूफ खानही होता. आज मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो.

आता नकाशाकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. रहीम यांच्या हातातला तो संघ ऐन भरात होता, आणि मराठवाड्याची दिशा बदलून गेली होती. भाषेच्या आणि माणसांच्या दृष्टीनं हे एकीकरण हवंच होतं, त्यासाठी लोक झगडले होते. खेळाच्या बाबतीत मात्र हैदराबादची सुटलेली वाट मुंबईला जोडलीच गेली नाही. मुंबईचं फुटबॉल कूपरेज मैदानाभोवती, कंपन्यांच्या संघांभोवती फिरत राहिलं. कोल्हापूरला ते नडलं नाही, कारण तिथं पेठांचे आणि तालमींचे संघ होते, शाहू स्टेडियम होतं, आणि दरवर्षी रंगणारी स्वतःची लीग होती. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या सामन्याला तिथं आजही गर्दी लोटते.

लीग नसल्याचा सर्वांत मोठा फटका मिडफिल्डरला बसतो, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. फॉरवर्डनं निवड चाचणीत दोन गोल मारले की नाव वहीत जातं. मधल्या फळीतल्या मुलानं साठ पास अचूक दिले, दोनदा वेळेवर मागं येऊन धोका टाळला, तर ते दिसायला बघणाऱ्यानं त्याला पाच-सहा सामने बघायला हवं. आपल्याकडं शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि बहुतेक बाद पद्धतीनं होतात. लातूर किंवा संभाजीनगर विभागातला मुलगा जिल्ह्यातच एक सामना हरला की त्याचं वर्ष तिथंच संपतं.

त्यात मैदानं. मुरमाच्या कडक जमिनीवर सरळ येणारा पास खड्यावर आपटून गुडघ्यापर्यंत उडतो, तो थांबवण्यातच मुलाची नजर खाली अडकते आणि वर बघायचं राहून जातं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलेना. अशा जमिनीवर लांब बॉल मारून पळणं शहाणपणाचं ठरतं, आणि मधली फळी नुसती डोक्यावरून जाणारा बॉल बघत उभी राहते.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली, पुण्या-मुंबईला संघ मिळाले, करार आणि पैसा आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरच्या शाळांत फुटबॉल वाटून सामने खेळवले गेले. तो उत्साह खरा होता, मुलं खरंच मैदानावर आली. पण क्लबच्या अकादम्या बारा-तेराव्या वर्षी मुलं हेरतात, आणि त्या वयात मराठवाड्यातला मिडफिल्डर हेरणाऱ्याच्या नजरेला पडावा असा सामनाच नसतो. बीड, हिंगोली, धाराशिवसारख्या जिल्ह्यांत तेरा वर्षांखालच्या आठ संघांची साखळी स्पर्धा घेतली, तरी प्रत्येक मुलाला हंगामात सात सामने मिळतील. त्याला लागतात आठ शाळा, एक बऱ्यापैकी सपाट मैदान, दोन पंच आणि दर शनिवारची सकाळ.