दंडातलं कॅल्शियम, लिंगातलं कॅल्शियम

दंडाची बेटकुळी काढून दाबून बघा. टणक लागते, कारण स्नायू आकसलाय. त्याच हिशेबाने अनेकांना वाटतं, लिंग ताठरतं तेही आतला स्नायू आवळल्यामुळे. प्रकार नेमका उलटा आहे.

लिंगात स्पंजासारखे दोन दंडगोल असतात. त्यांतल्या पोकळ्यांच्या भिंतींत जो स्नायू असतो, तो आपल्या हुकमाबाहेरचा, अपट्टकी. एरवी तो आकसलेलाच असतो. स्नायू कुठलाही असो, पेशीतलं कॅल्शियम वाढलं की तो आकसतो. इथे चेतातंतूंतून सुटणारं नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन ते कॅल्शियम वाढतं ठेवतं, रक्त जेमतेम आत येतं आणि लिंग शिथिल राहतं. म्हणजे दंडात कॅल्शियम वाढलं की टणक, इथे वाढलं की मऊ!

कॅल्शियमचं कामही दोन्हीकडे सारखं नाही. स्नायू आकसतो तो ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांना ओढतात म्हणून. दंडात कॅल्शियम ॲक्टिनच्या तंतूवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, आडवा आलेला अडसर सरकतो आणि मायोसिन लगेच पकड घेतं. अपट्टकी स्नायूत ट्रोपोनिनच नाही. तिथे चार कॅल्शियम आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन बसतात, ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागं करते आणि तो मायोसिनवर फॉस्फेट चिकटवतो. कारभार संथ, पण थोडक्या ऊर्जेत तासन्‌तास टिकणारा. वर रो-कायनेज नावाचा विकर ते फॉस्फेट लवकर निघू देत नाही, त्यामुळे कॅल्शियम उतरलं तरी आकस बराचसा टिकतो.

उत्तेजनेच्या वेळी चेतातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, पेशीत सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि कॅल्शियम उतरतं. स्नायू सैल पडतो, पोकळ्या रक्ताने भरतात, बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. (मुळाशी असलेले पट्टकी, म्हणजे दंडासारखे, स्नायू शेवटी थोडा जोर लावतात, ते वेगळं.) 1998 साली आलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) सायक्लिक जीएमपी मोडू देत नाही. मुळात ते तयारच झालं नाही, तर गोळी एकटी काय करणार?

1983 मध्ये लास व्हेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्नायू सैल करणारं औषध स्वतःच्या लिंगात टोचून घेतलं आणि परिणाम श्रोत्यांना थेट दाखवला. धाडस म्हणा की आचरटपणा, मुद्दा मात्र पटला.

कॅल्शियमच्या गोळ्यांचा या सगळ्याशी संबंध नाही. रक्तातली पातळी शरीर आपली आपण ठरावीक मर्यादेत ठेवतं. खेळ चालतो तो पेशीच्या आत, जिथे एरवी बाहेरच्या तुलनेत साधारण दहाहजारांश कॅल्शियम असतं.

ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर ती तातडीची बाब. अशा वेळी डॉक्टर अडकलेलं रक्त काढतात आणि नॉरॲड्रेनॅलिनसारखं काम करणारं फेनिलएफ्रिन टोचतात. त्याने पेशींत कॅल्शियम वाढतं, स्नायू पुन्हा आकसतो आणि लिंग सैल पडतं.